एका नावाच्या सात हाका

संध्याकाळी दिवा लावून झाला की हौसाक्का उंबऱ्यावर येऊन उभी राहायची, पदर कमरेला खोचायची आणि एकच नाव सात वेळा हाकारायची. किरण. पण सातही वेळा वेगळ्या चालीत. आमच्या निपाणीच्या गल्लीत तेव्हा सात किरण होते, चार मुलगे आणि तीन मुली, आणि सातांपैकी प्रत्येकाला आपली हाक बरोबर ओळखू यायची. माझ्या हाकेत ती 'कि'वर जरा रेंगाळायची आणि उरलेलं नाव एकदम खाली सोडायची, भरलेली घागर जमिनीला टेकवावी तसं. पोस्टमनच्या किरणची हाक शेवटाकडे चढत जायची. कांबळ्यांच्या किरणला ती दोन तुकड्यांत हाक मारायची, मध्ये श्वास घेऊन. किराणा दुकानवाल्या कन्नड घरातला किरण होता, त्याला शेवटचा 'णा' गल्लीच्या टोकापर्यंत लांबवून वर कानडीत "बारोऽ", म्हणजे ये रे, म्हणायची. आम्ही कुठेही असलो, कुणाच्या माळ्यावर, विहिरीच्या कट्ट्यावर, तरी जागेवरून ओ द्यायची, एवढंच तिचं म्हणणं. धावत जाऊन "काय गं आक्का?" विचारलं तर म्हणायची, "काय न्हाय. हाईस का बघितलं."

हौसाक्का आमची नात्याने कुणीच नव्हती. आमच्या दारासमोर तिचं दोन खणांचं कौलारू घर. मांडीवर सूप, सुपात भिजवून कापलेली पानं, कडेला तंबाखू, आणि दिवसभर विड्या वळणं. निपाणीतल्या निम्म्या बायका तेच करायच्या. तिचे यजमान वखारीत पोती वाहायचे. फार अबोल माणूस. मी शाळेत असतानाच ते गेले. त्यानंतर त्या घरात आवाज म्हणून जो होता तो हिचाच. अंगाने ती किरकोळ होती, बोटांची टोकं तंबाखूने पिवळी पडलेली, आणि आवाज मात्र एवढा मोठा, की पहिल्यांदा ऐकणारा माणूस तिच्या मागे दुसरं कुणी आहे का ते बघायचा.

आमच्या भागात बायकाही 'मी गेलतो, मी आलतो' म्हणतात. पुण्याच्या माझ्या एका मैत्रिणीला याचं फार हसू यायचं. मी ते एकदा हौसाक्काला सांगितलं. ती विडीला दोरा गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "आमी गेलतो न्हवं? मग झालं की. गडी गेला काय, बाई गेली काय, पाय तर दोगांचं बी दुखत्यात." तिचं बहुतेक बोलणं असंच असायचं. तक्रार नसायची, पण ऐकणाऱ्याला बसावंसं वाटायचं.

तिचा मान होता बारशाला. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्याने, ही आपली रीत. आत्या पाळण्यावर वाकते, बाळाच्या कानाशी 'कुर्र' करते, नाव सांगते, आणि त्याच वेळी बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाधप बुक्क्या घालतात. पण आमच्या गल्लीतली घरं कुठून कुठून कामाला आलेली. कुणाच्या बहिणी चिकोडीकडे, कुणाच्या खानापूरकडे, कुणाला बहीणच नाही. माझ्या वडलांना बहीण नव्हती. मी सातव्या महिन्यात जन्मले, मूठभर अंग, आणि बाराव्या दिवसापर्यंत मी टिकेन असं घरात कुणालाही वाटत नव्हतं. टिकले. तेव्हा वडील समोरच्या दारात गेले आणि म्हणाले, "हौसा, तू आत्या हो."

आजीने आदळआपट केली. हौसाक्काची स्वतःची ओटी रिकामी झालेली होती, तिचं बाळ जन्मून नऊ दिवसांनी गेलेलं साऱ्या गल्लीला माहीत होतं. अशा बाईने पाळण्याला हात लावायचा म्हणजे काय, असं आजीचं म्हणणं. वडील एवढंच म्हणाले, "माझी भन तीच." ते एरवी आजीपुढे तोंड उघडत नसत. हौसाक्का आली, आईच्या शेजारी बसली, आणि हळू आवाजात विचारलं, "नाव मी ठिवू?" मग वाकली, 'कुर्र' केलं, पाठीवर बुक्क्या पडल्या आणि ती म्हणाली, "किरण."

"हे तर पोराचं नाव," आजी म्हणाली.

"दोगास्नी चालतंय," हौसाक्का म्हणाली.

आई ही गोष्ट मला निदान शंभरदा सांगून थकली असेल. मी जगले, एवढ्या एका गोष्टीवर गल्लीने ठरवून टाकलं की हौसाक्काच्या तोंडचं नाव टिकतं. मग तिला बोलावणी यायला लागली. नाव तुम्हीच ठेवा म्हणणारी घरं निघाली आणि ती दर वेळी तेच नाव ठेवत गेली. कुणी हटकलं तर तिचं उत्तर तयार असायचं. तसं ते नाव त्या वर्षांत सगळीकडेच होतं. माझ्या वर्गात आम्ही तिघं किरण होतो आणि मास्तर हजेरी घेताना एकदाच नाव घेऊन तिघांकडे बघायचे. पण इतर ठिकाणी ते वाऱ्याबरोबर आलं होतं, आमच्या गल्लीत ते एका बाईने आणलं होतं.

पाठीत पडणाऱ्या बुक्क्यांबद्दल तिचा मोठा आग्रह. बायका हलक्या हाताने मारायला लागल्या की वाकल्या वाकल्या ओरडायची, "हात मोडलाय काय गं? जरा जोरात! पाठ बडवल्याबिगार नाव चिकटत न्हाय." रात्रंदिवस वाकून विड्या वळून आधीच दुखावलेली ती पाठ. बारशाहून आली की माझ्या आईला हाक मारायची आणि आई तिला तेल लावून द्यायची. कांबळ्यांच्या घरी मुलीचं बारसं झालं तेव्हा आमच्या गल्लीतल्या पुष्कळ बायकांना नेमकी त्याच दुपारी घरी कामं निघाली. हौसाक्का एकटी गेली. दुसऱ्या दिवशी कमरेवर हात ठेवून गल्लीभर सांगत सुटली, "त्या बायकांचा हात लई जड बया. पर नाव पक्कं बसलं." ज्यांना कामं निघाली होती त्यांनाही तिने ते आवर्जून ऐकवलं. त्या मुलीचा आता बेळगावात डॉक्टर म्हणून चांगला जम बसला आहे.

मला मात्र या नावाचा लवकरच कंटाळा आला. पदवीनंतर शिकायला धारवाडला गेले. खाली कानडी मुलखात किरण म्हणजे मुलगा, यात कुणाला शंकाच नाही. अर्ज इंग्रजीत, फोटो कुणी पाहिलेला नाही, आणि मला खोली मिळाली मुलांच्या वसतिगृहात. मी ट्रंकेवर बसून दोन दिवस ऑफिसच्या व्हरांड्यात काढले. येणारा जाणारा विचारायचा, "किरणचं सामान का? तो कुठाय?" तिसऱ्या दिवशी खोली मिळाली, पण माझं ठरलं होतं. प्रतिज्ञापत्र करायचं आणि नाव बदलायचं. स्वाती, मेधा, काहीही चालेल, फक्त दारात उभं राहून आपण कोण ते सिद्ध करायला लावणारं नको.

सुट्टीत घरी आले तेव्हा आई म्हणाली, "जिनं नाव ठेवलं तिला आधी विचार." मी चिडूनच समोरच्या घरात गेले. हौसाक्काने सगळं ऐकून घेतलं. हात थांबले नाहीत. मग म्हणाली, "तुज्या आदी माजं एक झालतं."

"माहीत आहे आक्का."

"नाव म्हाईत न्हाय तुला." सूप तिने खाली ठेवलं. मी तिला दिवसा सूप खाली ठेवताना फारसं पाहिलं नव्हतं. "पोटात हुतं तवाच ठरवलतं मी. सकाळी कौलातनं ऊन पडायचं बग सुपावर, हितं. म्हणलं पोरगा झाला तर किरण, पोरगी झाली तर किरण. सासूला बोललो न्हाय. आदी नाव काडायचं न्हाय म्हंत्यात. मग झालं. तरी गप बसलो, बाराव्यापातूर तोंडातनं काडायचं न्हाय. नऊ दिस मांडीवर हुतं आन् नऊ दिस मी त्येला बाळ, बाळ म्हणलो. नवव्या दिशी सकाळी गेलं. नाव तोंडात तसंच ऱ्हायलं गं. एकदा तरी हाक मारायला पायजे हुती. सासूचं आयकून बसलो."

काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "मुलगा होता का मुलगी?"

"किरण हुतं," ती म्हणाली.

मग तिने सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "तू खुशाल बदल. तुजं नाव हाय. पर मी ह्येच नावानं हाक मारणार आन् तू ओ द्यायची. माज्या उंबऱ्यावरनं किरण म्हणलं तर कुनीतरी ओ दिली पायजे. बाकी मला काय नगं."

खरं सांगायचं तर त्या दिवशी मला तिची दया आली नाही, रागच आला. आपल्या वाट्याला दुसऱ्या कुणाचं राहून गेलेलं नाव आलं आहे आणि ते जन्मभर वागवायचं आहे, हे बाविसाव्या वर्षी फार जड वाटलं. प्रतिज्ञापत्राचा कागद महिनाभर ट्रंकेत पडून होता. मग मी तो फाडला. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. संध्याकाळी तिची हाक आली, 'कि'वर रेंगाळणारी, आणि माझ्या तोंडून आपोआप ओ गेली. ज्या नावाला आपण न विचारता ओ देतो ते बदलून काय करायचं?

पुढे बेळगावात एका कॉलेजच्या ऑफिसात लागले, ती आजपर्यंत तिथेच आहे. प्रवेशाचे अर्ज माझ्या टेबलावर येतात. नुसती नावं वाचून कुठलं पीक कधी आलं ते मला सांगता येतं. किरण, संतोष, सुनीता गेले, मग स्नेहल आणि अक्षय आले, आता आदित्य आणि श्रेया ओसरत चालले आहेत. आणि मी तिथेच. फोनवर विचारतात, "किरण सर आहेत का?" मी म्हणते, "मीच." पलीकडून, "नाही मॅडम, सरांना द्या." वरिष्ठ ऑफिसातून येणारं प्रत्येक पत्र 'श्री. किरण' यांना. पहिली काही वर्षं मी दुरुस्तीचे अर्ज केले. आता फार दमलेली असले तर सरळ सांगते, सर रजेवर आहेत. पलीकडच्या माणसाचं समाधान होतं आणि मलाही बरं वाटतं, कुणीतरी एकजण तरी रजेवर आहे.

गल्ली मात्र रिकामी होत गेली. पोस्टमनचा किरण बेंगळुरूला, एक पुण्याला, एक कोल्हापूरला, एक मुलगी लग्न होऊन गोव्यात. कांबळ्यांची किरण आणि मी बेळगावात. हौसाक्काचा हाकांचा नियम कडक होता. जो गावात नाही त्याला हाक मारायची नाही. "वाऱ्याला कशाला दमवायचं?" म्हणायची. त्यामुळे सात हाकांच्या पाच झाल्या, पाचांच्या तीन, आणि बरीच वर्षं एकच राहिली, दुकानवाल्या किरणची. तो बापडा पन्नाशीचा झाला तरी गिऱ्हाईकाच्या हातात साखरेची पुडी देता देता ओ द्यायचा. बाहेरगावचं गिऱ्हाईक दचकायचं.

मी दुसऱ्या शनिवारी आईकडे जायचे. बेळगाव ते निपाणी दीड तासाचा रस्ता, पण हायवे उकरून ठेवलेला, एसटीच्या मागे ट्रक, संकेश्वरला हमखास खोळंबा. एकदा अशीच पोचले. डोकं ठणकत होतं, आईला नुकताच दवाखाना झालेला, ऑफिसात वर्षअखेरीची कामं. मी समोरच्या खोलीत खुर्चीवर मोबाईल घेऊन बसले होते. दिव्याची वेळ झाली आणि समोरून माझी हाक आली. मी ओ दिली नाही. ऐकू आलं नव्हतं असं नाही. एक शब्द तोंडातून काढायचीही ताकद नाही असं मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्यांदा आली. तिसऱ्यांदा आली, जरा हळू. मग दार लोटल्याचा आवाज झाला.

सकाळी ती भाजी निवडत बसली होती. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "दमली हुतीस." बस. एवढंच. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. त्या एका न दिलेल्या ओचं मला आजही वाईट वाटतं, आणि ते वाटणं जाईल असं दिसत नाही.

दोन वर्षांपूर्वी पोस्टमनच्या किरणला नात झाली. त्याने हौस म्हणून बारसं निपाणीत केलं, हायवेवरच्या हॉलमध्ये. बाळाची सख्खी आत्या परदेशात, म्हणून हौसाक्काला गाडी पाठवून नेलं. फुग्यांची कमान, पाळण्यामागे मोठा फलक, त्यावर आधीच नाव छापलेलं, आर्या. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलणार. ती कुणाला तरी वाचायला लावून शांतपणे म्हणाली, "पोरांचं बी असतंय न्हवं ह्ये? दोगास्नी चालतंय. ब्येस हाय. लांब जातंय." तिची परीक्षा तीच होती, उंबऱ्यावरून गल्लीच्या टोकापर्यंत पोचतं का. पोचलं तर नाव.

पाळण्याशी माईकवाली मुलगी उभी होती. हौसाक्का वाकली, 'कुर्र' केलं, नाव सांगितलं. कॅमेरेवाला म्हणाला, "आजी, परत एकदा, हिकडं बघून." तिने परत केलं. त्याचं समाधान होईना, मग तिसऱ्यांदा. ऐंशीच्या पुढची बाई तीनदा वाकली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गाडीत बसल्यावर तिने माझा हात धरला.

"टाळ्या वाजवल्या गं. पाठीला कुनी हात लावला न्हाय. नाव कसं बसायचं?"

"बसेल आक्का. फलकावर लिहिलंय."

"फलक काय ओ देतोय व्हय?" ती म्हणाली आणि घर येईपर्यंत डोळे मिटून राहिली. गल्लीत आधीपासून दोन आर्या आहेत, एक मुलगा आणि एक मुलगी. कन्नड शाळेतल्या बाई दोघांना एकाच तऱ्हेने हाक मारतात आणि दोघंही एकदम उभे राहतात. हौसाक्काने एका संध्याकाळी उंबऱ्यावरून दोघांसाठी दोन चाली लावून बघितल्या. कुणी आलं नाही. आत टीव्ही चालू होता. एकाची आई तेवढी घाबरून बाहेर आली, "काय झालं आक्का?"

"काय न्हाय. हाईत का बघितलं."

गेल्या वर्षी एका गुरुवारी दुकानवाल्या किरणचा फोन आला. आक्काने सकाळपासून पाणीही घेतलं नाही, म्हणाला. मी अर्धी रजा टाकली आणि बस पकडली. पोचले तेव्हा उन्हं उतरली होती. कांबळ्यांची डॉक्टर किरण दुपारीच आली होती. तिने माझ्याकडे बघून फक्त मान हलवली. दवाखान्यात न्यायचं नाही, असं हौसाक्काने तिलाही बजावलं होतं. दुकानवाला किरण दाराला टेकून बसला होता, शर्टाला पीठ लागलेलं, दुकान उघडं टाकून आलेला. सातांपैकी आम्ही तिघं. बाकीच्यांचे फोन येत होते आणि डॉक्टर किरण उचलून हळू आवाजात तेच तेच सांगत होती.

शेजारच्या सुनेने देवापाशी दिवा लावला. उजेड पडल्यावर हौसाक्काने डोळे उघडले आणि उठवून बसवा अशी खूण केली. आम्ही तिला उशांना टेकवून बसवलं. पाठीला हात लागला तेव्हा कळलं की पाठ म्हणून आता फार काही उरलेलं नाही. तिने दाराकडे बघितलं. आवाज पार खोल गेला होता, पण चाल तीच. आधी दुकानवाल्याची हाक आली. 'णा' लांबवायला दम पुरला नाही, 'बारो' तर राहूनच गेलं. त्याने ओ दिली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मग दोन तुकड्यांची हाक, मध्ये श्वास, आणि तो श्वास एवढा मोठा की आम्हाला वाटलं दुसरा तुकडा येणारच नाही. आला. डॉक्टर किरण म्हणाली, "ओ आक्का." मग माझी. 'कि'वर रेंगाळली आणि टेकली. मी ओ दिली, हवी त्यापेक्षा मोठ्याने, त्या जुन्या संध्याकाळचीही तिच्यातच घालून.

वाटलं, झालं. गावात नसलेल्यांना ती हाक मारायची नाही. पण ती आडवी होईना. पुढे वाकली, अगदी मांडीपर्यंत, जिथे एरवी सूप असायचं तिथे. दोन्ही हात तिथे धरले आणि हळूच 'कुर्र' केलं. डॉक्टर किरणला आधी कळलं. तिने हात उचलला आणि त्या वाकलेल्या पाठीवर मूठ टेकवली, एकदा, दोनदा. मग मी. दुकानवाला किरण उठून आला. पुरुषांनी हे करायचं नसतं, पण त्यानेही मूठ लावली. जोरात मारायची हिंमत आमच्यात कुणाचीच नव्हती आणि हात मोडलाय काय म्हणून ती ओरडलीही नाही.

"किरण," ती म्हणाली.

ही हाक आमच्यापैकी कुणाची नव्हती. सातांपैकी कुणाचीच नव्हती. तिला चालच नव्हती, कानाशी सांगावं तेवढंच ते. मग तिने मान वर केली आणि थांबली. आम्हाला तिची ती सवय माहीत होती. ओ येईपर्यंत ती उंबऱ्यावरून हलायची नाही.

"ओ," मी म्हणाले.

"आलं," हौसाक्का म्हणाली. मग आडवी होऊन, कूस बदलून झोपली.